कानाला खाच

[दृश्य: जळगावातली एक गल्ली. पहाट. गणपतीच्या मंडपाचं कापड हलतंय. मागे कुत्र्यांची भांडणं.]

भाद्रपद लागला की गल्लीला झोप नसते. एक मादी आणि तिच्यामागे सात-आठ नर. म्हाताऱ्या बाया दारातून तांब्याभर पाणी फेकतात, पोरं दगड भिरकावतात, मोठी माणसं दुसरीकडे बघतात. आपल्या भाषेत भादव्यातल्या कुत्र्यावरून एक शिवीच आहे. ती इथे ऐकवत नाही, तुम्हाला माहीत आहे.

इथून 63 दिवस मोजा. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास याच गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीखाली, सहा-सात पिल्लं डोळे मिटून एकमेकांत घुसलेली सापडतील. थंडी पडायला लागलेली असेल. त्यातली दोन-तीन राहतील.

[दृश्य: उन्हात झोपलेली एक मादी. कॅमेरा तिच्या कानाजवळ जातो.]

हिचा कान बघा. टोकाला व्ही आकाराची खाच आहे. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा सरळ कापलाय. म्हणजे हिची नसबंदी झाली आहे. भटक्या कुत्र्यांना मारायचं नाही. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं, असा नियम 2001 पासून आहे. 2023 मध्ये तो नव्याने लिहिला गेला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आधीचा कडक आदेश बदलून हेच सांगितलं. त्या आदेशात वगळली ती फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी कुत्री.

हिला मालक नाही. म्हणून कायदा हिच्यापर्यंत पोचला. आता जिला मालक आहे तिच्याकडे जाऊ.

[दृश्य: कॉलनीतल्या दुमजली घराची गच्ची. पत्र्याची खोली. कूलर.]

ही लॅब्राडोर. मालक तिला प्रेमाने हाक मारतात, तीही शेपूट हलवते. खाली गोणपाटावर नऊ पिल्लं. आई उठून पाण्याकडे गेली की तिच्या लोंबलेल्या सडांना दोन पिल्लं लटकत थोडी पुढे ओढली जातात आणि गळून पडतात. हे यंदाचं तिचं दुसरं वेत.

"आपण ब्रीडर नाही हो, हौस आहे," दादा सांगतात. बोलता बोलता मोबाईल वाजतो. एका हाताने ते पिल्लू उचलतात, पंजा कॅमेऱ्यासमोर धरतात. "हेवी बोन आहे. पंजा बघा. पेपर नाहीयेत, पण पेपर घेऊन काय शेत घ्यायचंय का तुम्हाला?" पेपर म्हणजे वंशावळीचा दाखला. पिल्लाला आज महिना होतोय. रविवारी नेलं तरी चालेल, असं ठरतं.

खरं तर नाही चालत. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे नियम 2017 पासून आहेत. विकण्यासाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय आणि 8 वर्षांनंतर तिच्यावर नर सोडायचा नाही. वर्षाला एकच वेत, उभ्या आयुष्यात पाच. 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आणि आपल्या विषयाचं कलम असं: 6 महिन्यांवरचं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही, घेणारा स्वतः परवानाधारक ब्रीडर असेल तरच सूट.

वाचायला छान आहे. पण महिनाभराचं पिल्लू विकून मोकळं होणाऱ्याला सहा महिन्यांच्या कलमाची भीती कसली? गच्चीवरच्या खोलीला पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. नराचा मालक क्रॉस लावायचे पैसे घेतो किंवा पहिलं पिल्लू निवडून नेतो. सगळा व्यवहार फोनवर. हिशेब ठेवणारी एकच जण, ती मादी, आणि तो तिच्या अंगावर दिसतो.

खालच्या मजल्यावर एक हस्की आहे, बर्फाच्या मुलखातली जात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा तो दिवसभर न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेला असतो. त्याच्याबद्दल वेगळी फिल्म करावी लागेल.

[दृश्य: सुरत–नागपूर महामार्गावरचा ढाबा. टेबलाखाली म्हातारी लॅब्राडोर.]

आणि ही गच्चीवरून उतरलेल्या माद्यांपैकी एक असावी. पाठ खचलेली, सड ताणलेले. ढाब्याचा पोऱ्या सांगतो, पहाटे कोणी तरी गाडीतून सोडून गेलं. शेव-भाजीचा रस्सा लागलेली भाकरी ती आधी हुंगते, मग खाते. पट्ट्याची खूण अजून मानेवर आहे.

[दृश्य: गोठा. मग दवाखाना.]

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराने 2008 मध्ये सक्तीच केली: चार महिन्यांवरचं प्रत्येक पाळीव कुत्रं-मांजर नसबंदी केलेलंच हवं. सूट मिळाली ती प्रदर्शनातल्या कुत्र्यांना, पोलिसांच्या आणि अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांना, पैदाशीचा परवाना घेणाऱ्यांना. असल्या सक्तीवर तिथल्या ब्रीडर मंडळींची तक्रार ठरलेली असते: जो नियम पाळतो त्यालाच जाच, चोरून पिल्लं काढणारा मोकळाच. आपल्याकडे अशी सरसकट सक्ती नाही. पाळीव कुत्र्याची नसबंदी ही मालकाची जबाबदारी, एवढं 2023 च्या नियमांत आहे. जबाबदारी. शब्द चांगला आहे, कोणाला टोचत नाही.

यात एक गंमत आहे. खान्देशातल्या शेतकऱ्याला खच्चीकरण नवं नाही. गोऱ्हा औताला लावायचा तर तो बडवावा लागतो, हे त्याच्या आजोबालाही ठाऊक होतं. आधी ठेचून करत, आता डॉक्टर चिमटा लावतात. पण गोठ्यातला एकेक गोऱ्हा बडवून घेतलेला माणूस दारातल्या कुत्र्याचा विषय निघाला की हात जोडतो. "नको डॉक्टर, मुका जीव आहे, पाप लागेल." बैल काय बोलका असतो?

डॉक्टरबाईंनी मात्र आम्हाला दुसरी बाजूही सांगितली. थोराड जातींत, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या, वर्षाच्या आत घाईने नसबंदी केली तर सांध्यांची दुखणी वाढतात असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून चार महिन्यांची सरसकट अट त्यांना पटत नाही. आणि अजिबात न केलेल्या, उतारवयातल्या मादीचं काय होतं, तेही त्यांनी ट्रेमध्ये दाखवलं. पू भरून फुगलेलं गर्भाशय. निरोगी असताना ते बोटाहून बारीक असतं; हे भरताच्या वांग्याएवढं झालं होतं. मालक बाहेर बाकावर बसून विचारत होते, "शिळं काही खाल्लं असेल का तिने?"

[दृश्य: मोकळं रान. मेंढ्यांचा वाडा. संध्याकाळ.]

आता साक्रीकडच्या एका ठेलारी मेंढपाळ आजोबांची गोष्ट. खरं तर ही फिल्म आम्ही त्यांच्यामुळेच करायला घेतली.

पावसाळा संपला, दिवाळी झाली की ठेलारी मेंढ्या घेऊन बाहेर पडतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात. एका रानात काही रात्री, मग पुढचं रान. वाड्याची, म्हणजे मेंढ्यांच्या तळाची, राखण कुत्र्यांवर. लांडगा आला की आधी कोण भुंकतं, बिबट्याच्या वासाने कोण मागे सरत नाही, कोण कोकराला तोंड लावत नाही, यावरून आजोबा मादी निवडतात. कोणत्या वाड्यावरची, कोणाच्या पोटची, चार पिढ्या तोंडपाठ. पेपर नाहीत. पण गच्चीवरच्या दादांकडे नसलेले पेपर आणि आजोबांकडे नसलेले पेपर एक नव्हेत. ब्रीडर म्हणावं असा माणूस आम्हाला सबंध फिरतीत हा एकच भेटला, आणि त्याने आजवर एकही पिल्लू विकलेलं नाही.

गेल्या वर्षी वाडा एका शहराच्या वेशीवर बसला होता. आजोबांची पट्टा नसलेली, खरकट्याजवळ हुंगत फिरणारी मादी बघून कुत्री पकडणाऱ्या गाडीवाल्यांनी जाळं टाकलं. त्यांचंही काही चुकलं नाही; बघणाऱ्याला ती भटकीच वाटणार. चार-पाच दिवसांनी, टाके सुकल्यावर, त्यांनी तिला नियमाप्रमाणे, जिथून उचललं तिथेच आणून सोडलं.

वाडा तोवर बराच लांब गेला होता.

आजोबांनी नातवाच्या मोटारसायकलवर बसून दोन दिवस मागची रानं धुंडाळली. ती सापडली शेवटच्या मुक्कामाच्या जागी, लेंड्यांच्या वाळल्या थरावर बसलेली. कानाला खाच.

"कापेल कानले मी काय करू," आजोबा अहिराणीत म्हणाले. कापलेल्या कानाला मी काय करू. राखण ती अजूनही करते. पण तिच्या पोटची जात तिच्याबरोबर संपणार.

[दृश्य: तीच मादी, वाड्याच्या कडेला. पलीकडे दुसऱ्या मादीची पिल्लं.]

पलीकडे दिसतेय ती तिची बहीण. दुसऱ्या वाड्यावर होती. दोन कोकरं देऊन आजोबांनी आणली. पिल्लं पाच आठवड्यांची झाली आहेत. आजोबा एकेकाला मानेला धरून उचलतात, थोडा वेळ अधांतरी ठेवतात. जे ओरडतं ते खाली. चौथं ओरडत नाही, नुसतं बघत राहतं.

"हाई राखसू," आजोबा म्हणतात, आणि ते पिल्लू खाच असलेल्या मावशीपुढे नेऊन ठेवतात. ती त्याला हुंगते, उठते आणि मेंढ्यांच्या मागे चालू लागते. पिल्लू दोनदा धडपडतं, मग तिच्या मागून निघतं.

[पडदा काळा. मेंढ्यांच्या घंटांचा आवाज.]