कर्ज फिटल्यानंतरचं काम

(शहापूर, बेळगाव इथल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कर्ज फेडून मोकळे झालेले आहेत. कुणी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडलेल्या मागांचं फेडलं, कुणी उद्यमबागेतल्या लेथ मशीनचं, कुणी मुलीच्या लग्नाचं. पोटाला चिमटा काढून फेडलंत, याचा मला फार आदर वाटतो. म्हणूनच आज एकच गोष्ट सांगायची आहे: तुम्ही फेडलेलं कर्ज कागदोपत्रीही फिटलेलं दिसायला हवं, आणि ते दिसतंय का हे तुम्हालाच बघावं लागतं.

वडगावच्या एका यंत्रमागधारकाचं सांगतो. त्यांचे 1,80,000 रुपये थकले होते. वसुलीवाला म्हणाला, ‘1,10,000 एकरकमी भरा, विषय संपवू.’ त्यांनी घरातल्या पाटल्या मोडल्या, पैसे भरले, पत्र घेऊन फाइलला लावलं. पुढे मुलाच्या मोटारसायकलसाठी कर्ज मागायला गेले, तर नकार. त्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद असलेल्या अहवालात, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. म्हणजे उरलेल्या 70,000 वर बँकेनं पाणी सोडलं, हे पुढच्या प्रत्येक बँकेला दिसत होतं. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच. ज्याच्याकडे पूर्ण रक्कम भरायला खरंच काही नाही, त्यानं तडजोड जरूर करावी, जप्तीपेक्षा ती बरी. पण सही करण्याआधी खात्यापुढे काय शेरा पडणार, हे लेखी विचारून घ्यावं. आमच्या या गृहस्थांनी नंतर बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरली, ‘काही येणे बाकी नाही’ असा दाखला घेतला आणि शेरा ‘क्लोज्ड’ असा बदलून घेतला. उशिरा का होईना, हा रस्ता असतो.

हा अहवाल ठेवणाऱ्या कंपन्या चार: सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांच्या संकेतस्थळावरून घ्यायचा. स्वतःचा अहवाल बघितल्यानं स्कोअर, म्हणजे आपल्या पतीचा आकडा, कमी होत नाही, ही भीती काढून टाका. मोबाइल येत नसेल तर नातवाला शेजारी बसवा, पण ओटीपी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

अहवाल उघडला की सगळ्यांची नजर 300 ते 900 मधल्या त्या आकड्यावर जाते. तो सोडा, खाली या. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन दिसतील, साधारण मागच्या 36 महिन्यांचे. चौकोनात 000 असेल तर त्या महिन्यात थकबाकी नव्हती. 030 असेल तर तीस दिवस थकलं होतं, 090 असेल तर नव्वद दिवस. एकेक चौकोन बोट ठेवून वाचा आणि पासबुकाशी ताडून बघा. मग ‘चालू शिल्लक’ बघा. फिटलेल्या कर्जापुढे तिथे शून्य हवं.

आपल्या भागात आणखी एक घोळ असतो, नावांचा आणि पत्त्यांचा. आधारवर कन्नड उच्चाराप्रमाणे एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. 2014 आधीच्या कागदांवर बेलगाम, नंतरच्या कागदांवर बेळगावी. कुणाचं एक खातं चंदगडला, एक खानापूरला. त्यात एकाच आडनावाची अर्धी गल्ली! दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर किंवा आपलंच कर्ज दोनदा चढू शकतं. म्हणून नाव, जन्मतारीख आणि पॅन आधी तपासा.

चूक सापडली तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, हेल्पलाइन 14448. घर किंवा जमीन तारण असेल तर पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये.

आता पत पुन्हा उभी कशी करायची? इथे आपल्या लोकांची एक अडचण आहे. तुम्ही दहा वर्षं पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, चुकवली नसेल, सहकारी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तारखेला भरला असेल, भिशीत तुमच्या शब्दाला किंमत असेल. पण पिग्मी आणि भिशी अहवालात येतच नाही आणि पुष्कळ सोसायट्यांची माहितीही या कंपन्यांकडे जात नाही. म्हणून एखादं छोटं खातं तरी बँकेत हवं. सगळ्यात सोपं म्हणजे 15–20 हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यायचं. महिन्याला मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी खर्च करायचा आणि पूर्ण बिल तारखेआधी भरायचं. किमान रक्कम भरून भागवू नका, व्याज चढतं. एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्जही टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते.

बचतगटातल्या आणि मायक्रोफायनान्सवाल्या भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं वसुलीच्या जाचाविरुद्ध कायदा केला, ते चांगलंच झालं. पण म्हणून सगळी कर्जं माफ झाली, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या कंपनीचं कर्ज तसंच उभं आहे आणि थकलेला प्रत्येक हप्ता तुमच्या नावावर चढतो. आणि नवऱ्याचा स्कोअर पडला म्हणून पुढचं कर्ज बायकोच्या नावावर काढण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. तिथेही हप्ता चुकला की घरातली दोन्ही नावं बुडतात. भावकीत जामीन राहणाऱ्यांनाही तेच लागू आहे. ज्याला जामीन राहिलात त्यानं थकवलं तर तुमचाही अहवाल खराब होतो, तुम्ही एक रुपया न घेता.

किती दिवस लागतील, हे सगळे विचारतात. खातं बंद झाल्याची नोंद महिनाभरात यायला हवी, कारण 2025 पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला या कंपन्यांकडे माहिती पाठवावी लागते. स्कोअर हलायला वेळेवर भरलेले सहा महिने ते वर्ष जातं. जुने खराब चौकोन पुढं सरकायला तीन वर्षं. अमुक आकडा नसेल तर कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. त्यामुळे तोवर गरज पडली तर दाखला, पासबुक आणि उत्पन्नाचे कागद घेऊन थेट शाखाधिकाऱ्यांना भेटा. पाच हजार घेऊन पंधरा दिवसांत सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. खऱ्या थकबाकीची नोंद त्याला पुसता येत नाही आणि खोटी नोंद तुम्ही फुकटात काढू शकता.