नाही म्हणा, पण म्हणा तरी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘इंटरनेटवरची नोंदणी नाकारली तर दाद कुठे मागावी’. अध्यक्षबाईंनी चाळीस मिनिटं दिलीत आणि खालून सेव-उसळीचा वास यायला लागलाय, म्हणजे तीसच धरायची. पण आधी माझ्या वेऱ्याच्या बिलाची गोष्ट. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी खुशाल डोळे मिटावेत, मी वाईट वाटून घेणार नाही.

वडील गेले आणि बडोद्यात रावपुऱ्यातल्या घराच्या बिलावर माझं नाव चढवायची वेळ आली. (पुण्याची सून म्हणते, बाबा, ‘घरपट्टी’ म्हणा. अगं, तीन पिढ्या वेरा भरला, आता घरपट्टी कुठून भरू?) अर्जाला आजोबांचं खरेदीखत जोडलं. ते मोडीत. कचेरीतल्या भाईंनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, दोन्हीकडून सारखाच दिसला, तेव्हा वर शेरा मारला : तपासावर.

हा शब्द नीट बघा. मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. अकरा महिने माझा अर्ज तपासावर होता. शेवटी वरच्या मजल्यावर साहेबांकडे अपील घेऊन गेलो. सभ्य गृहस्थ. बसा म्हणाले, पाणी मागवलं आणि म्हणाले, ‘हुकम लावो, पछी अपील.’ बरोबर आहे, नकाराचा कागदच नाही तर दाद कशावर मागणार? खाली आलो. भाईंना म्हटलं, मला नकार लेखी द्या. ते दुखावलेच. ‘काका, अमे ना क्यां पाडी छे?’ म्हणजे, आम्ही नाही कुठे म्हटलंय? अहो, मग हो तरी म्हणा! ‘हा पण क्यां पाडी छे?’

तुम्ही हसताय, पण त्या जिन्याला चोवीस पायऱ्या आहेत. मी मोजल्यात, कारण दुसरं काही हातात नव्हतं. पुढे भाई रिटायर झाले, त्यांच्या जागी एक मुलगी आली. तिने पाच मिनिटांत सांगितलं, खताचं गुजराती भाषांतर करून आणा. आणलं. आठ दिवसांत नाव चढलं. म्हणजे पहिल्याच दिवशी भाई ‘नाही’ म्हणाले असते, आणि का नाही तेवढं बोलले असते, तर माझे अकरा महिने आणि दोन गुडघे वाचले असते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पळतो.

मोबाइलवर तुम्ही मराठी वाचता तेव्हा पानाच्या पोटात भाषेची एक खूण लिहिलेली असते. मराठीची ‘एमआर’, गुजरातीची ‘जीयू’. लिपी सांगायची तर पुढे चार रोमन अक्षरं, मोडीची खूण ‘मोडी’च. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर उच्चार निवडतं ते हिच्यावरून. बोलींनाही खुणा मिळतात. लिव्हरपूलच्या इंग्रजीला ‘स्काउस’ आहे, संस्कृतात ‘वैदिक’ वेगळं आणि ‘लौकिक’ वेगळं. यादी आयाना ही संस्था सांभाळते, नियम २००९ च्या आरएफसी ५६४६ मध्ये आहेत. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक घातलेले कागद.) माझ्या मनात आपल्या बडोदी मराठीची खूण आहे. ‘मंगळवार फावेल ना?’ (म्हणजे जमेल ना?) असं विचारणारा माणूस लिव्हरपूलवाल्यापेक्षा कशात कमी आहे?

अशा नव्या खुणेचा अर्ज दोन आठवडे सगळ्यांसमोर चर्चेला असतो. मग नेमलेला परीक्षक तो पुढे पाठवतो, नाकारतो किंवा मुदत वाढवतो. नाकारला तर माहितीची भर घालून पुन्हा द्या, पुन्हा दोन आठवडे. तेही पटलं नाही तर अपील. पहिलं आयईएसजीकडे, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या सुकाणू मंडळाकडे. तिथे भागलं नाही तर आयएबीकडे, म्हणजे इंटरनेटच्या रचनेवर नजर ठेवणाऱ्या मंडळाकडे. ही वाट १९९६ च्या आरएफसी २०२६ ची. निर्णय जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत अपील करायचं, आणि नुसतं ‘अन्याय झाला’ लिहून भागत नाही, काय घडलं ते नेमकं मांडावं लागतं. आयएबीला आयईएसजीचा निर्णय रद्द करता येतो, पण तिच्या जागी बसून स्वतः निर्णय देता येत नाही. सासूने भाजी परत पाठवावी, पण ओट्याशी येऊ नये, तसं. त्यावर इंटरनेट सोसायटीचे विश्वस्त आहेत, पण नियमच अपुरे आहेत अशी तक्रार असेल तरच.

आता ज्या कलमासाठी मी एवढा वेळ खाल्ला ते. परीक्षकाने मुदत वाढवली, तर त्यावरही अपील करता येतं. आणि निर्णय स्पष्टपणे, वेळेत जाहीर केला नाही, तर त्यावरसुद्धा! म्हणजे ‘ना क्यां पाडी छे’ हेच अपिलाचं कारण. हे वाचलं त्या रात्री मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, ‘बिल झालंय ना नावावर? झोपा आता.’

खुणेचा अर्ज अजून मी केलेला नाही. फॉर्ममध्ये बोलीचं वर्णन करणारं पुस्तक किंवा छापील लेख विचारतात, आजीच्या पत्रांवर भागणार नाही. तेव्हा कुणाच्या माळ्यावर बडोद्याच्या मराठीबद्दल एखादं जुनं मासिक, एखादी स्मरणिका पडली असेल तर उसळीच्या रांगेत मला गाठा. मोडीत असलं तरी फावेल.