साबणाच्या बशीत ठिपके जास्त का?

(खानापूर तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो. अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, एका बशीत न धुतलेलं बोट टेकवायचं, दुसरीत नुसत्या पाण्यानं धुतलेलं, तिसरीत साबणानं, चौथीत सॅनिटायझर लावलेलं. दोन दिवस बश्या उबेत ठेवायच्या आणि उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे. पुष्कळदा साबणाच्या बशीतच ठिपके जास्त निघतात. पोरं खट्टू होतात, सर म्हणतात बशी बिघडली.

बशी चांगली असते. आपल्या हातावर दोन प्रकारचे जंतू असतात. काही कायमचे रहिवासी, कातडीच्या खाचांत रुतलेले, निरोगी माणसाला सहसा त्रास न देणारे. बाकीचे पाहुणे: शेणातून, कच्च्या मटणातून, संडासातून आलेले. जुलाब लावतात ते हे पाहुणे. साबण लावून हात चोळला की पाहुणे वाहून जातात, पण खाचांतले रहिवासी सुटून वर येतात आणि बशीत उतरतात. ठिपका कुणाचा, हे नुसतं मोजून कळत नाही.

म्हणून मोजायचं ते पाहुण्यांना. लंडनमध्ये स्वयंसेवकांना सार्वजनिक जागचे कठडे आणि दारांच्या मुठी हाताळायला लावून तसं मोजलं गेलं. निकाल २०११ साली छापून आला. विष्ठेतून येऊ शकणारे जंतू न धुतलेल्या हातांच्या ४४ टक्के नमुन्यांत सापडले, नुसत्या पाण्यानं धुतलेल्यांत २३ आणि साध्या साबणानं धुतलेल्यांत ८ टक्के. नुसतं पाणीही निम्मं काम करतं, हे माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं.

साबण जंतूंना मारण्यापेक्षा तेलकट मळासकट सोडवतो, पाणी त्यांना वाहून नेतं. सॅनिटायझर मात्र खरंच मारतं, अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर असलं तर. निव्वळ अल्कोहोल उलट कमी पडतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. पण भातलावणी करून आलेला चिखलाचा हात, निपाणीकडं तंबाखू हाताळलेला हात, गुऱ्हाळातला चिकट हात, तिथं अल्कोहोल जंतूंपर्यंत नीट पोचतच नाही. तिथं साबणपाणीच हवं.

‘जंतुनाशक’ साबणाला जादा पैसे मोजू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली ट्रायक्लोसान या रसायनासह १९ जंतुनाशक घटकांना घरगुती हातधुण्याच्या साबणांत मनाई केली; साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आणि बाटलीवरचं ‘९९.९ टक्के जंतू मरतात’? दहा लाखांतले हजार तरी उरतातच, तेही प्रयोगशाळेत.

मागून एका मावशींनी विचारलं, ‘राख चालते का?’ साबण नसेल तर चालते, मावशी, चुलीतली कोरडी राख आणि भरपूर चोळणं. अंगणातली माती नको, तिच्यात जंतांची अंडी असतात. आणि मिश्री लावायची तर बोट आधी धुवायचं, नंतर नव्हे.