परक्या आईचं दूध

नमस्कार श्रोतेहो. गाय व्याली की आपल्या कोकणात चिकाचा थेंब वाया जात नाही. खरवस होतो, शेजारीपाजारी पोचतो. आणि सून बाळंत झाली की तिचा पिवळसर चीक मात्र ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकतात! अशी घरं आजही आहेत, याचं मला मनापासून दुःख होतं.

आज बोलायचंय ते दुसऱ्या आईच्या दुधाबद्दल. सातव्या महिन्यात जन्मलेलं, जेमतेम किलोभराचं बाळ काचपेटीत असतं, आईला अजून पुरेसं दूध उतरलेलं नसतं. डॉक्टर मातृदुग्ध पेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं, दूध देऊ म्हणतात. आजी विचारते, “परक्या बाईचं? कसलं असेल ते?” आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ८७ ग्रॅम पाणी, ७ ग्रॅम दुग्धशर्करा, साडेतीन-चार ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिनं. गाईच्या दुधात प्रथिनं याच्या तिपटीहून जास्त. पण आईच्या दुधातली कमी प्रथिनं पूर्ण दिवसांच्या बाळाला नेमकी मानवतात.

अडतं ते किलोभराच्या बाळापाशी. दूध देणाऱ्या बायका बहुधा पूर्ण दिवस भरून बाळंत झालेल्या, त्यांची बाळं काही महिन्यांची. महिने सरतात तशी दुधातली प्रथिनं उतरत जातात. आता हिशोब करा. या बाळाला दिवसाला १६० मिलिलिटर दूध पाजलं, तर प्रथिनं मिळतात दीड ग्रॅम. त्याला हवीत साडेतीन ते चार ग्रॅम. म्हणून दुधात फॉर्टिफायर, म्हणजे पोषक पूड, मिसळतात. नर्सबाई ती कालवताना दिसल्या तर घाबरू नका, ती भेसळ नव्हे.

स्निग्धांशाचंही तसंच. पातेल्याला साय धरते ना, तसा तो बाटलीला आणि नळीला चिकटून राहतो, बाळाच्या पोटात कमी जातो. नर्सबाई बाटली हलक्या हाताने फिरवून घेतात, ती त्यासाठीच.

पेढीत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. दात्या आईची एचआयव्ही, कावीळ ब आणि गरमीची तपासणी आधीच झालेली असते. मिश्री लावणारीचं दूध घेत नाहीत, कारण निकोटिन दुधात उतरतं. तापवल्यावर काही रोगप्रतिकारक घटक घटतात, चरबी पचवणारं विकर नष्ट होतं. पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या खास शर्करा टिकतात. डब्याच्या पावडरीवर वाढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपेक्षा या दुधावरच्या बाळांमध्ये आतडं सडण्याचा जीवघेणा आजार कमी दिसतो. मला विचाराल तर एवढ्या एका कारणासाठी आजीने होकार द्यावा. मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ सालापासून आहे, हे काही कालचं खूळ नाही.

आणि दूध देणाऱ्या माझ्या किनाऱ्यावरच्या लेकींनो, बांगडा, तारली खात असाल तर जरूर खा. मेंदू आणि डोळ्यांना लागणारा डीएचए हा स्निग्ध घटक त्यातून दुधात येतो.

आता बाळाच्या आईसाठी. बाई गं, पेढीचं दूध चालू आहे म्हणून तू थांबू नकोस. दिवसारात्री मिळून आठ वेळा तरी दूध काढत राहा, थेंबभर आलं तरी वाटीत धर. तुझं वाढेल तशी पेढीची बाटली कमी होईल.