बूट कपाटासाठी नसतात

बाहेर दारात काढलेले सगळ्यांचे बूट मी आत येताना बघून घेतले, सॉरी, पण सवयच तशी लागलीय, माणसाचा चेहरा नंतर, आधी पाय. आणि काय दिसलं सांगू? चांगले महागातले स्नीकर्स, नाडी बांधलेलीच आणि मागची टाच पार चपटी. म्हणजे काढताना नाडी न सोडता पाय उपसायचा आणि घालताना टाच दाबून चपलेसारखं सरकवायचं. अहो त्या टाचेच्या आत एक कडक पट्टी असते, हील काउंटर म्हणतात, तिचं कामच टाच जागेवर धरून ठेवायचं, ती एकदा मोडली की परत धड उभी राहत नाही, मग पाय आत हलायला लागतो, मोजा घासून फाटतो, फोड येतो आणि वर आपणच म्हणतो काय भंगार कंपनी.

हे का होतं ते मला कळतं. आपल्या गोव्यात बूट काढावे तरी किती वेळा लागतात बघा ना, मंगेशीला गेलात काढा, शांतादुर्गेला गेलात काढा, चवथीला तर घरोघरी गणपती बघायला जायचं म्हणजे काढघालच. आता बास्केटबॉल कोर्टासाठी बनवलेला घोट्यापर्यंतचा बूट, वरपर्यंत नाडी, तो घालून तुम्ही चवथीची घरं करणार असाल तर दोष बुटाचा कसा? त्या दिवशी बिननाडीचे, नुसते सरकवायचे स्लिप-ऑन घाला, नाहीतर इलास्टिकच्या नाड्या मिळतात त्या ओवून घ्या. माझं आजचं सगळं म्हणणं याच लायनीवर आहे, आपण स्टाईल जिथून उचलतो तिथली हवा आणि तिथलं राहणीमान आपलं नाही, आणि निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

आता हवेचंच घ्या. स्नीकर मुळात रबराची करामत. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की रबर गंधक घालून तापवलं तर ते गरमीत चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही, पुढे त्या रबराच्या तळाला कापडाचा वरचा भाग जोडला की झाला कॅनव्हास शू. केड्स 1916 चे, कॉन्व्हर्सचा ऑल स्टार 1917 चा, आणि आपण शाळेत पीटीला रविवारी रात्री पांढरं पॉलिश फासून ठेवायचो ते बूटपण त्याच घराण्यातले. साधा माल, त्यामुळे आपल्याकडच्या दमटपणात बऱ्यापैकी टिकतो. गडबड झाली ती लोकांना पायाखाली मऊ मऊ हवं झालं तेव्हा. नायकीचा 1987 चा एअर मॅक्स 1 घ्या, ज्याच्या टाचेला खिडकी पाडून आतली हवेची पिशवी दाखवली, किंवा 1988 चा जॉर्डन 3, दोन्ही नायकीच्या टिंकर हॅटफिल्ड या डिझायनरची डिझाइन्स आणि दोन्हींच्या मधल्या सोलमध्ये पॉलीयुरेथेनचा फोम. हा फोम हवेतलं बाष्प शोषतो आणि पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, घालून चार पावलं टाकली की मागे सोलचा चुरा, जुन्या खोबऱ्याच्या वडीसारखा. त्या वर्षांतली मूळ जोडी आज कुणाकडे असलीच तर ती फक्त बघायची.

आणि आपण राहतो कुठे, तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, जुलैत कपाटातल्या बेल्टवर बुरशी येते, पापड सकाळी तळला तर दुपारपर्यंत मऊ, आणि तिथे लोक बूट जपून ठेवतात! "चांगले आहेत, लग्नाला घालीन." लग्न ठरेपर्यंत सोल संपलेला असतो. माझ्या मते ही आपल्याकडची सगळ्यात महागडी फॅशन चूक, चुकीचा रंग वगैरे त्यापुढे काहीच नाही. घाला हो. वापरातला सोल पडून राहिलेल्या सोलपेक्षा जास्त टिकतो, बूट बनवणारे स्वतःच सांगतात. ठेवायचेच असतील तर ओले किंवा घामट ठेवू नका, आधी वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली नीट वाळवा, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात दमट बूट घातला की ओल आतच कोंडते, आणि बॉक्समधली ती सिलिका जेलची पुडी आपल्या एका पावसाळ्यातच गारद होते, नंतर ती नुसती शोभेला. हल्ली बऱ्याच रनिंग शूजमध्ये ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो, तो असा भुगा होत नाही, दबून चपटा होतो, तेव्हा घेताना सोल कशाचा ते विचारा, दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

पांढरे स्नीकर्स. सगळ्यांना पांढरेच हवेत आणि आपली माती लाल. तो लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, त्याच्यावर ब्लीच ओतून डाग जात नाही, उलट बूट पिवळा पडायची भीती. चिखल वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडा, मग साध्या साबणाने, आणि वाळवायचे सावलीत. आणि सपाट तळाचे कॅनव्हास शूज घालून पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरू नका, तिथे स्टाईल नाही, हाड मोडतं.

कपड्यांबद्दल थोडं बोलतो, तो माझा प्रांत नाही, पण बूट ज्या पँटखाली दिसतो ती पँट मला बोलायला लावते. पँट घोट्यावर चुण्या चुण्या होऊन बुटावर पडली की बूट कितीही भारी असो, दिसतच नाही, टेलरकडे जाऊन एक-दोन इंच कमी करून घ्या, नव्या बुटापेक्षा स्वस्तात काम होतं. ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या पँटवर पोपटी रनिंग शूज नको. बूट भडक असला तर शर्ट शांत ठेवा, दोघांनी एकदम ओरडायचं नाही. आणि लोगो मोजा हो अंगावरचे! तो नायकीचा स्वूश, म्हणजे ती टिकमार्कसारखी खूण, 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने 35 डॉलरला काढून दिला होता, आपण तो छातीवर, टोपीवर, मोज्यावर मिरवायला हजारो रुपये मोजतो. काहीजण टी-शर्ट अ‍ॅडिडासचा आणि बूट पुमाचे घालतात, या दोन कंपन्या भांडून वेगळ्या झालेल्या सख्ख्या भावांच्या, आता त्यांची वाटणी आपल्या अंगावर कशाला.

साईझचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे नंबर यूकेचा चालतो, त्यात एका पूर्ण नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर. पण यूके 8 ला अ‍ॅडिडास युरोपचा 42 लिहितं आणि नायकी 42.5, म्हणून ऑनलाइन मागवताना "माझा 42" असं म्हणून चालत नाही. कागदावर उभं राहून दोन्ही पाय सेंटीमीटरमध्ये मोजा, मोठा पाय धरा, आणि लेबलवर सेंटीमीटर असतात त्याच्याशी जुळवा. दुकानात गेलात तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजतो. फर्स्ट कॉपी, म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल, घ्यायची की नाही हे मला दर वेळी विचारतात, नका घेऊ, त्याच पैशात साधा, ओरिजिनल कॅनव्हास येतो.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, कुर्त्यावर स्नीकर्स चालतात का. चालतात, साधे, एकरंगी, लांडे मोजे घालून. पण कुर्त्यावर कोल्हापुरी असताना स्नीकर्सच का, हा माझा उलटा प्रश्न. 2019 मध्ये तिला जीआय, म्हणजे त्या भागाचीच वस्तू म्हणून कायदेशीर ओळख, मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला चालवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, बोंब झाल्यावर मग मान्य केलं. फक्त एक, कातडं भिजलं की संपलं, त्यामुळे गोव्यात ती दिवाळीपासून मेपर्यंतच. जूनमध्ये लग्न असेल तर कुर्ता राहू दे, खाली रबरी सँडल घाला आणि गाडीत सुक्या बुटांची जोडी ठेवा, हॉलच्या पायरीवर बदलायची.