मान टाकलेलं झाड

(दृश्य: इंग्लंडातल्या केंट परगण्यातलं घराचं मागचं अंगण, फेब्रुवारीची सकाळ, झाडावर एकही पान नाही)

हे समोर जे दिसतंय ना, कोणीतरी जुनी केरसुणी उलटी खोचून ठेवल्यासारखं, ते माझं विपिंग पेअर, म्हणजे खाली लोंबणाऱ्या फांद्यांचं पेअर. हो, पेअर म्हणजे नासपतीच, पण खायची नाही, बघायची.

आई पहिल्यांदा साताऱ्याहून इकडे आली तेव्हा खिडकीतून बघून म्हणाली, अगं त्याला पाणी घाल, मान टाकलीय बिचाऱ्याने. आता तिला काय सांगणार, की आई याला मान टाकण्याचेच पैसे दिलेत.

(दृश्य: मे महिना, तेच झाड, चंदेरी पानं, वाऱ्यावर हलणाऱ्या फांद्या)

मेमध्ये मात्र बघा. पानं अरुंद, लांबट, वर पांढरट लव, लांबून वाटतं झाडावर राखाडी रेशीम टाकलंय. शास्त्रीय नाव पायरस सॅलिसिफोलिया, म्हणजे विलोसारख्या पानांचं पेअर, आणि आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो ना तो विलोचाच भाऊबंद, त्याचं पान डोळ्यासमोर आणा, आकार कळेल. मूळ कॉकेशस, तुर्कस्तानचा पूर्व भाग, इराणचा वायव्य भाग, म्हणजे दगडाधोंड्यांचा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत मुलूख. पीटर सायमन पालास नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने 1776 मध्ये त्याचं नाव ठेवलं. पण जंगलातलं झाड असं लोंबत नाही, लोंबणारा हा वाण वेगळा, 'पेंड्युला', तो बियांपासून नाही तर कलमानेच वाढवतात.

मी याला पहिल्यांदा बघितलं सिसिंगहर्स्टच्या प्रसिद्ध बागेत, इथे केंटमध्येच. लेखिका विटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी 1930 मध्ये ती पडीक वास्तू घेतली आणि पुढे तिथे पांढऱ्या फुलांची एक बाग केली. त्या बागेत एका कुमारिकेचा शिशाचा पुतळा आहे, आणि त्याच्यावर हे झाड छत्रीसारखं वाकलेलं. मी तिथेच अर्धा तास उभी, नवरा कॅफेची वाट विचारतोय, आणि माझ्या डोक्यात एकच, हे आपल्या अंगणात पाहिजे.

(दृश्य: खड्डा, मुळं उघडी असलेलं रोप, बांबू)

लावलं डिसेंबरात, मुळाला माती नसलेलं रोप मिळतं ते, पानगळीनंतर लावायचं, स्वस्त पडतं. आमची माती म्हणजे चिकणमाती, हिवाळ्यात बुटाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तरी याने कुरकुर केली नाही, फक्त पाणी साचून राहिलेलं आवडत नाही. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला. आणि बांबू! हे महत्त्वाचं. याच्या फांद्या जन्मतःच खाली जायला निघतात, त्यामुळे एक फांदी हट्टाने सरळ वर बांधून धरावी लागते, नाहीतर झाड कमरेइतकं होऊन तिथेच पसरतं. म्हणजे मान टाकणाऱ्या झाडाची मान वर्षानुवर्षं मी धरून ठेवलीय, आईला हे फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती.

पहिले दोन उन्हाळे पाणी घातलं. 2022 च्या जुलैमध्ये इंग्लंडात पारा 40 च्या वर गेला, आमचं लॉन पार पिवळं पडलं, हे झाड मात्र मजेत.

(दृश्य: एप्रिलची फुलं जवळून)

फुलं एप्रिलात, पांढरी, मधे जांभळट-लाल ठिपके. जवळ जाऊन वास घ्यायची घाई करू नका, थोडा मासळीकडे झुकणारा वास आहे. आणि फळ म्हणाल तर सुपारीपेक्षा जरा मोठं, हिरवं, टणक, एकदा चावून बघितलं तर इतकं तुरट की जीभ वळेना. आईने तेही चाखलं, आणि लोणचं होईल का विचारलं.

(दृश्य: परत फेब्रुवारी, हातात सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री)

आता कामाला लागू. याला सोडून दिलं की नवीन फांद्या जुन्यांवर येऊन पडतात, आतल्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात, आणि बाहेरून चंदेरी दिसणारं झाड आतून नुसत्या काटक्या. म्हणून आधी वाळलेलं काढायचं, मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, मग जमिनीला टेकणाऱ्या. टोकं सरळ रेषेत कापू नका हो, शाळेतल्या मुलीचा बॉबकट दिसतो, मी केलाय एका वर्षी, उन्हाळाभर पडदा बंद ठेवला.

बुंध्याशी रुंद, हिरव्या पानांचे फुटवे आले तर ते खुंटाचे, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधलंय त्याचे, आपले नाहीत. कोकणात हापूसच्या कलमाखालचे काढतात तसेच काढायचे, नाहीतर खुंटच मोठा होतो आणि चंदेरी कलम मागे पडतं. उन्हाळ्यात कोवळा शेंडा जळल्यासारखा काळा पडून वाकलेला दिसला तर मात्र सावध, तो फायर ब्लाइट असू शकतो, जिवाणूंचा रोग, चांगली निरोगी फांदी लागेपर्यंत खाली कापायचं आणि सिकेटर दरवेळी पुसून घ्यायचं.

(दृश्य: काटक्यांचा ढीग, फोनवर व्हिडिओ कॉल)

झालं. आईला दाखवते. "बघ गं, कसं दिसतंय?"

"छान. पण एवढं कापलंस, पाणी घाल हो त्याला."