येरळेची वाळू, बळीराजाचं धरण

(कोरडं पात्र. दुपारचं ऊन.)

ही येरळा. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगवते, सांगली जिल्ह्यातली रानं ओलांडत ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने ती अशी दिसते. नदीतून माणसं चालत पलीकडं जातात, चपलासुद्धा भिजत नाहीत.

(मुठीतून गळणारी वाळू.)

ही वाळू नुसती वाळू नाही. पावसाचं पाणी ती पोटात धरते आणि काठच्या विहिरींना सावकाश पाजते. वाळू उपसली की चांगला पाऊस होऊनही विहीर बसते. 1980 च्या दशकात ठेकेदारांचे ट्रक पात्रात उतरत होते. वाळू शहराकडं, पैसा ठेकेदाराकडं आणि खड्डे तेवढे गावाला.

(खडीचा ढीग. हातोड्याचा आवाज.)

त्याच काळात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली माणसं मुंबईहून परतत होती. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, त्यातले कितीतरी या दुष्काळी पट्ट्यातले. गावात आले तर दुष्काळ आधीच मुक्कामाला. काम एकच, रोजगार हमीवर खडी फोडायची. पण युनियनच्या सभांत बसलेला माणूस गप्प खडी फोडत नाही. दर दुष्काळात आम्ही खडी फोडतो, मग दुष्काळ हटेल असं काम का काढत नाही?

या प्रश्नातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते. पाऊस किती, पाणी किती, कुठलं पीक किती पितं, याचा हिशेब गावकऱ्यांनी स्वतः मांडायला घेतला. अभियंता के. आर. दाते यांनी आपलं ज्ञान त्या हिशेबाला जोडलं.

(दोन्ही काठ. मधोमध भिंत.)

बलवडी आणि तांदुळवाडी, येरळेकाठची दोन गावं. त्यांनी ठरवलं, धरण आपण बांधायचं. पैसा कुठला? नदीतलाच. मोजकीच वाळू गावानं काढायची, विकायची आणि त्या पैशात पाणी अडवायचं. ज्या वाळूनं ठेकेदार मोठे झाले, तिच्यातली मूठभर गावाला मिळावी म्हणून मात्र मोर्चे काढावे लागले. कचेऱ्यांतल्या त्या खेपांची चित्रं आमच्याकडं नाहीत, नाहीतर त्यावर वेगळी फिल्म झाली असती.

मग भिंत चढू लागली. गावकरी होतेच, शहरांतले कॉलेजचे विद्यार्थीही श्रमदानाला आले. नाव दिलं, बळीराजा स्मृती धरण. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असं इथली आई दिवाळीत ओवाळताना म्हणतेच. त्या बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढं आणणाऱ्या जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण. तेही येरळेच्या खटाव तालुक्यातलंच.

(पाट. रानात शिरणारं पाणी.)

भिंतीइतकंच अवघड काम वाटपाचं. एरवी ज्याचं रान मोठं त्याचं पाणी मोठं. इथं हिशेब माणसांचा धरला. प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालाही. रान नसलेला माणूस पाणी घेऊन काय करणार, असं तेव्हाही विचारलं गेलं, आजही विचारतात. उत्तर साधं आहे. त्यानं दुसऱ्याचं रान वाट्यानं करावं. रान त्याचं, पाणी याचं. तेव्हा बांधावर दोघं बरोबरीनं बोलतात. आणि एक अट, उसाला पाणी नाही. सांगली जिल्ह्यात ही अट घालायला छाती लागते.

1980 च्या दशकाच्या अखेरीला भिंतीमागं पाणी साठलं. समान पाणीवाटपाची मागणी इथून पुढं आटपाडीपर्यंत गेली, कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी रानांना देणाऱ्या टेंभू योजनेपर्यंत गेली. वाळूचे ट्रक मात्र येरळेत नंतरही उतरत राहिले.

(भिंतीवरून सांडणारं पाणी. काठावर धुणं. निवेदन थांबतं, पाण्याचा आवाज राहू द्यावा.)